साडेचारची तपासणी

माणूस नवीन कॉम्प्युटर घेतो तो हौसेने, आणि दोनच दिवसांत पेचकसला फोन करतो तो रडकुंडीला येऊन. पेचकस म्हणजे अठ्ठावन्न वर्षांचा एक दुरुस्तीवाला. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी कायम पेचकस खोचलेला, म्हणून हे नाव पडलं आणि असं चिकटलं, की त्याचं खरं नाव लेकीशिवाय फारसं कुणाला आठवत नसे.

जुने प्रोग्रॅम नव्या मशीनवर बसवून देणं हा त्याचा हातखंडा. नवं मशीन जुन्या प्रोग्रॅमला दारातच उभं करतं. तू कोण, तुझी कागदपत्रं कुठे, मी तुला ओळखत नाही, असा सगळा तोरा. पेचकस त्याची समजूत घालायचा. कधी मशीनला सांगायचा, की बाबा रे, तू दहा वर्षांपूर्वीचाच आहेस असं समजून वाग. कधी प्रोग्रॅमवरच्या कंपनीच्या सहीची तपासणी तात्पुरती बंद करायचा. आणि काहीच चाललं नाही, तर शेवटचा उपाय. इंटरनेटची वायर काढायची, म्हणजे मशीनला बाहेरून खरी वेळ कळत नाही, आणि मग त्याचं घड्याळ मागे न्यायचं. ज्याची मुदत संपली तो प्रोग्रॅम मग मुदत आहे असं समजून गुमान बसतो. काम झालं की घड्याळ परत आजवर. विसरू नये म्हणून आजची तारीख एका कागदी पट्टीवर लिहून तो ती स्क्रीनच्या कडेला चिकटवायचा.

घड्याळ किती मागे न्यायचं, हे खरं तर ज्याच्या त्याच्या मर्जीवर. पण पेचकस प्रत्येक मशीन एकाच तारखेवर नेऊन ठेवायचा. आठ वर्षांपूर्वीचा एक दिवस. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची बायको गेली होती. कुणाच्या तरी टेबलावर, तासाभरापुरती का होईना, ती अजून आहे, एवढंच त्याला हवं असायचं. हे त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं होतंच काय त्यात.

त्या दिवशी फोन आला तो कानांच्या तपासणीच्या दवाखान्यातून.

"काका, जुना कॉम्प्युटर बसला," तिथल्या मॅडम म्हणाल्या. "नवा आणलाय, पण तपासणीचा प्रोग्रॅम तो घेतच नाहीये. उद्या सकाळपासून पेशंट आहेत. आज सुट्टीच आहे, याल का?"

पेचकसने हातातली वायर खाली ठेवली. मग "येतो," म्हणाला.

दवाखान्याची पायरी चढताना त्याचा पाय अडखळला. या पायरीवर तो आठ वर्षांपूर्वीच यायला हवा होता. शेवटच्या दोन-तीन वर्षांत बायकोला ऐकू येईनासं झालं होतं, निदान घरात सगळे तसंच धरून चालले होते. हाक मारली की ओ नाही. काही विचारलं की उत्तर नाही. तिसऱ्यांदा ओरडलं की मग "काय?" म्हणून वळायची. ऐकू न येणाऱ्या माणसासमोर आपली जीभ सैल सुटते. पेचकसचीही सुटली होती. पाठ फिरवून तो मनाला येईल ते पुटपुटायचा. तिला थोडंच कळणार होतं.

शेवटी लेकीने परगावाहून फोन करून याच दवाखान्यात आईची वेळ ठरवली. दुपारी साडेचार. बायको चार वाजताच तयार होऊन, पर्स घेऊन दारात उभी राहिली. पेचकस एका मशीनमध्ये कोपरापर्यंत अडकलेला होता. "उद्या जाऊ," म्हणाला. आणि उद्या सकाळी ती भाजी आणायला गेली, तेव्हा गल्लीत एक ट्रक रिव्हर्समध्ये मागे येत होता. ड्रायव्हरने हॉर्न दिला, दुकानदार ओरडले, सगळी गल्ली ओरडली. ती चालतच राहिली. बिचारीला ऐकूच आलं नाही, असं जो तो म्हणाला. आदल्या दिवशी आपण तिला दाखवून आणलं असतं, तर तिच्या कानात यंत्र असतं, ती वाचली असती. आठ वर्षं पेचकस हेच उशाशी घेऊन झोपत होता. आज या दवाखान्याला नाही म्हणायचं धाडस त्याच्यात नव्हतं, आणि हो म्हटल्यावर पाय उचलत नव्हते.

मॅडम चाळिशीच्या, हसऱ्या, बोलताना शब्द सुटा सुटा करून बोलणाऱ्या. दिवसभर कमी ऐकणाऱ्यांशी बोलून तशीच सवय झालेली. त्यांनी त्याला आतली खोली दाखवली. टेबलावर नवा कॉम्प्युटर, शेजारी तपासणीचं जुनं यंत्र, आणि समोर भिंतीत जाड दुहेरी काच. काचेपलीकडे ती छोटी खोली, जिला मॅडम नुसतं पेटी म्हणत. भिंतींना राखाडी स्पंज, एक खुर्ची, खुंटीवर हेडफोन आणि वायरला लोंबकळणारं बटण.

"पेशंट आत बसतो. दार लावलं की बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही," मॅडमनी सांगितलं. "प्रोग्रॅम एकेक आवाज सोडतो. आधी मोठा, मग बारीक, मग अगदीच बारीक. ऐकू आला की पेशंटने बटण दाबायचं. दाबलं की इथे स्क्रीनवर हिरवा ठिपका लागतो. आणि मला आत काही सांगायचं असेल तर हे माइकचं बटण दाबून बोलते."

"जुनी माहिती आहे का सगळी?"

"आहे ना. अकरा वर्षांची. ती गेली तर माझं काही खरं नाही." त्यांनी जुन्या कॉम्प्युटरमधून काढलेली डिस्क त्याच्या हातात दिली आणि पर्स उचलली. "मी आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊन आणते. सहापर्यंत येते. चहाचं सामान आतल्या कपाटात आहे."

त्या गेल्या आणि पेचकस कामाला लागला. बाहेर लख्ख ऊन होतं, रस्त्यावर रहदारी होती, पण या खोलीत त्यातलं काही पोचत नव्हतं. आपल्याच श्वासाचा आवाज मोठा वाटावा अशी ती शांतता. स्पंजला जुना, कोंदट वास होता. अनेक माणसं गप्प बसून गेल्यासारखा.

नवं मशीन अपेक्षेप्रमाणे अडून बसलं. प्रोग्रॅमची सीडी घालायला त्यात जागाच नव्हती; पेचकसने पिशवीतून आपला जोडायचा ड्राइव्ह काढला. यंत्राची नऊ पिनांची जुनी वायर नव्या मशीनला चालेना; त्याने मध्ये अडॅप्टर लावला. मग मशीन म्हणालं, हा प्रोग्रॅम जुन्या काळचा आहे. जुन्या काळचा समजूनच चालव, त्याने सांगितलं. मशीन म्हणालं, याच्यावरची सही मला मान्य नाही. त्याने सही बघणं बंद करून मशीन पुन्हा सुरू केलं. स्क्रीनवरची पट्टी ऐंशी टक्क्यांपर्यंत गेली आणि अडली. परवान्याची मुदत संपली आहे.

"आलास ना शेवटी वळणावर," पेचकस मशीनला म्हणाला.

त्याने आजची तारीख कागदी पट्टीवर लिहून स्क्रीनला चिकटवली. इंटरनेटची वायर काढली. आणि घड्याळ मागे नेलं, नेहमीच्या तारखेवर. वेळ तेवढी आत्ताचीच राहू दिली. चार वाजून अठ्ठावीस मिनिटं.

प्रोग्रॅम झटकन बसला. त्याने जुनी माहिती त्यात ओतली आणि प्रोग्रॅम उघडला. स्क्रीन निळी झाली. वर लिहिलं होतं, आजच्या तपासण्या. सकाळच्या पाच नावांपुढे झाल्याची खूण होती. सहाव्या नावापुढे काहीच नव्हतं.

साडेचार. तिचं नाव. मधलं नाव त्याचं.

हे इथे असणार हे त्याला कळायला हवं होतं. तारीख तीच, दवाखाना तोच, यादी तीच. यात नवल काही नाही, असं त्याने स्वतःला दोनदा सांगितलं. तेवढ्यात कोपऱ्यातल्या घड्याळात साडेचार झाले आणि स्क्रीनच्या मधोमध एक चौकट आली.

रुग्ण आला का? होय. नाही.

बस, प्रोग्रॅम होता तो. वेळ झाली की विचारणारच. आठ वर्षांपूर्वीही त्याने असंच विचारलं असणार, आणि कुणीतरी सहज "नाही" दाबलं असणार. पेचकसचा हात माउसवर थांबला. नाहीतरी प्रोग्रॅम चालतो का ते बघायलाच हवं. रिकाम्या खोलीत तपासणी सोडायची, कुणी बटण दाबत नाही, प्रोग्रॅम "प्रतिसाद नाही" लिहितो, काम संपलं. पण खरं कारण ते नव्हतं. त्याला एकदा, फक्त एकदा, होय दाबायचं होतं.

त्याने होय दाबलं.

उजवा कान, स्क्रीनवर आलं. चाळीस डेसिबल. यंत्रावरचा काटा हलला. आत आवाज गेला.

हिरवा ठिपका लागला.

भीतीच्या आधी पेचकसला राग आला, कारागिराला येतो तसा. वायर कुठेतरी टेकत असणार. दुसरा आवाज गेला, तीस डेसिबल. ठिपका लागला. वीस. लागला. तो उठला, पेटीचं जाड दार ओढून आत गेला. हेडफोन खुंटीवर होते. बटण वायरला लोंबकळत होतं, हलतसुद्धा नव्हतं. त्याने ते हातात घेतलं, उलटसुलट केलं, वायर चाचपली. सगळं ठीक होतं. आत कान बंद झाल्यासारखे वाटत होते. खुर्चीकडे त्याने बघितलं नाही.

बाहेर येऊन त्याने यंत्राच्या मागून बटणाची पिनच उपटून काढली. पिन हातात धरून तो स्क्रीनकडे बघत उभा राहिला.

दहा डेसिबल. ठिपका लागला.

त्याच्या हातातली पिन खाली पडली. तो खुर्चीत बसला. आवाज एकेक जात होते, ठिपका एकेक लागत होता. घाई नाही, चूक नाही. आवाज गेला की दम धरल्यासारखा एक क्षण, आणि मग हिरवा. पाच डेसिबल. शून्य. पान वाजण्याइतकासुद्धा आवाज नसतो तो. मग डावा कान, पुन्हा पहिल्यापासून. मध्ये एकदा त्याने काचेतून बघितलं. खुर्ची रिकामी होती. हेडफोन खुंटीवर नव्हते. ते कुठे आहेत हे शोधायला त्याने डोळे पुढे नेले नाहीत.

तपासणी संपली. आलेख आला, वरच्या कडेला लागून गेलेली एक सरळ रेघ. खाली एक ओळ. दोन्ही कानांची श्रवणशक्ती सामान्य.

पेचकसने ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. तिला ऐकू येत होतं. तिला सगळं ऐकू येत होतं. ज्या एका गोष्टीवर तो आठ वर्षं रडला होता, ती गोष्ट नव्हतीच.

त्याचा हात माइकच्या बटणाकडे गेला.

"अगं..." तो म्हणाला. "तू आहेस?"

हिरवा.

"तुला... ऐकू यायचं? मी हाका मारायचो तेव्हा?"

हिरवा.

"मग ओ का नाही..." तो थांबला. बटणाने का ते सांगता येत नाही. ठिपका विझलेलाच राहिला. त्याने कपाळ पुसलं. आता जे विचारायचं होतं ते विचारू नये हे त्याला कळत होतं, आणि विचारल्याशिवाय या खोलीतून उठता येणार नाही हेही कळत होतं.

"त्या दिवशी गल्लीत... तो ट्रक..."

वाक्य संपायच्या आत ठिपका लागला.

"हॉर्न ऐकू आला तुला? लोक ओरडले ते?"

हिरवा. हिरवा.

म्हणजे ती थांबली नाही. मागे ट्रक येतोय हे ऐकून ती चालत राहिली. पेचकसने दोन्ही हातांनी टेबल धरलं. का, का, का, असं त्याच्या डोक्यात घण पडत होते. आणि मग त्याला आठवलं. कधी न आठवावं म्हणून जे त्याने ट्रकच्या खाली, हॉर्नच्या खाली, आठ वर्षांच्या रडण्याखाली पुरून टाकलं होतं, ते वर आलं. आदल्या दिवशीचे साडेचार. ती दारात, पर्स घेऊन. "निघायचं ना, अहो?" तिने दोनदा विचारलं होतं. "उद्या जाऊ," तो मोठ्याने म्हणाला होता. मग मशीनकडे वळून, तिच्याकडे पाठ करून, तो आणखी काहीतरी पुटपुटला होता. रोज काहीबाही पुटपुटायचा, तसंच. त्यात नवीन काय. तिला थोडंच ऐकू येणार होतं.

आला होता का तो आवाज दारापर्यंत? किती लांब होतं दार? आठ पावलं?

त्याने माइकवरून हात काढला. माइक बंद झाला. मधे दुहेरी काच, जाड दार, भिंतभर स्पंज. मॅडमनी सांगितलं होतं, बाहेरचं काही म्हणजे काही आत जात नाही. पेचकसने खुर्ची वळवली आणि पेटीकडे पाठ केली. आणि जितक्या हळू ते तेव्हा म्हटलं होतं, तितक्याच हळू, ओठांतल्या ओठांत, तो पुन्हा म्हणाला.

"एकदाची सुटका होऊ दे हिच्यापासून..."

मग त्याने सावकाश मान वळवली.

ठिपका लागलेला होता. या वेळी तो विझत नव्हता. जणू कुणी बटण दाबलं होतं आणि अंगठा काढायला तयार नव्हतं.

त्याने चाचपडत इंटरनेटची वायर शोधली आणि मशीनमध्ये खुपसली. तिसऱ्या खेपेला ती बसली. कोपऱ्यातली तारीख एकदा लुकलुकली आणि आठ वर्षं ओलांडून आजवर आली. ठिपका विझला. काचेपलीकडे हेडफोन खुंटीवर होते. त्याने खाली पडलेली बटणाची पिन यंत्रात परत बसवली आणि मागे न बघता बाहेर पडला.

मॅडम सहाला दहा कमी असताना आल्या, तेव्हा तो दवाखान्याबाहेर पायरीवर उन्हात बसला होता.

"काय काका, झालं?"

"झालं," तो म्हणाला.

त्या आत गेल्या. तो मागोमाग गेला, पण उंबऱ्याशीच थांबला. स्क्रीनवर आलेख तसाच होता. तो बंद करायचं त्याला सुचलंच नव्हतं. मॅडम वाकून बघत म्हणाल्या, "हे कोण?"

"नमुना घेतला. चालतो का ते बघायला."

"छान आहे नमुना. असे कान हल्ली बघायला मिळत नाहीत." त्यांनी त्याच्याकडे नीट बघितलं. "तुम्हाला बरं नाही वाटत का? पाणी देऊ?"

त्याने पाणी घेतलं नाही. घरी गेला आणि दार लावून बसला. रात्री लेकीचा फोन आला. तिला सांगावं म्हणून त्याने तोंड उघडलं, पण काय सांगणार? तुझ्या आईला ऐकू येत होतं, एवढं सांगितलं तरी पुढचं सगळं सांगावं लागलं असतं. जेवलास का, एवढ्यावरच बोलणं संपलं. त्या रात्रीपासून, फोन सोडला तर, तो घरात चकार शब्द काढेना. रिकाम्या घरातही माणूस किती पुटपुटतो, भांडं पडलं की, दिवा गेला की, हे त्याला तेव्हा कळलं. प्रत्येक वेळी तो ओठ चावून धरायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी मॅडमचा फोन आला.

"काका, प्रोग्रॅम मस्त चाललाय. दोन दिवसांत सतरा पेशंट झाले. एक बारीकसं कुठेतरी अडतंय फक्त."

"काय?" पेचकसने विचारलं.

"हे बघा, लागला." मॅडम जरा हसल्या. "तो हिरवा ठिपका हो. आत्ता पेटीत कुणी नाहीये. कालही एकदा असाच लागला होता, तुम्हाला फोन लावला होता तेव्हा. तुम्ही हॅलो हॅलो म्हणालात आणि लाइन कटली बघा, तेव्हा. मला वाटलं वायर सैल असेल. तुम्ही बोला बरं काहीतरी."

पेचकसने फोन कानाला घट्ट धरला. "स्पीकरवर आहे का फोन?"

"नाही, माझ्या कानाला आहे. हं, लागला. विझला." त्यांच्या आवाजातलं हसू ओसरलं. "गंमतच आहे. मी बोलते तेव्हा काही होत नाही. तुम्ही बोललात की लागतो. आवाज तर पेटीत जातच नाहीये... आता बघू, गप्प राहा जरा."

तो गप्प राहिला. दात दातांवर आवळून धरले. पलीकडून मॅडमचा श्वास ऐकू येत होता.

"नाही. आता नाही लागत," त्या म्हणाल्या.

पेचकस भिंतीला टेकला. हे संपणार कधी? या जन्मात तरी आपली यातून... विचार तिथवर आला आणि त्याने तो जिवाच्या आकांताने मागे लोटला. पुरता मनातसुद्धा येऊ दिला नाही. ओठ मिटलेले होते. घशातून हुंकारही निघाला नव्हता.



"लागला," पलीकडून मॅडम म्हणाल्या. मग बऱ्याच वेळाने, अगदी हळू, "काका... हा विझत नाहीये. काय म्हणालात तुम्ही आत्ता?"